पंचफुलाच्या नावाची काच

या सदरात लिहिणारे बहुतेक जण आधीच सांगून टाकतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही. मी तीस वर्षं आरोग्य खात्यात काढली. गावात कुणाच्या अंगात आलं की मी आधी थर्मामीटर लावायचो. रस्त्यावर पडलेलं उताऱ्याचं लिंबू उचलून त्याचं सरबत करून पिताना लोकांनी मला पाहिलं आहे. त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते वाचून तुम्ही हसलात तरी चालेल. फक्त शेवटपर्यंत वाचा. यात न समजणारा भाग थोडा आहे. बाकीचं सगळं माणसाने केलेलं आहे... आणि तो माणूस मी आहे.

वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी मालेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेवक होतो. किन्हीराजाच्या अलीकडे रोडवर एक फाटा लागतो, तिथून आत चार किलोमीटर. गावाचं नाव लिहीत नाही. त्या भागातले लोक ओळखतील, ओळखावंच त्यांनी. गाव उंचवट्यावर, खाली नाला, नाल्यापलीकडे बौद्धपुरा — तीस-चाळीस घरं, एक विहार, आणि त्याच्या मागे पाझर तलाव. पावसाळा संपला की त्या तलावाच्या काठाने डासांचे नुसते ढग उठत.

लोक मला ‘मलेरियावाले भाऊ’ म्हणत. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, ताप कुणाला आहे ते विचारायचं, आणि ज्याला असेल त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, असं काम. त्या पट्टीला आम्ही नुसतं ‘काच’ म्हणायचो. काचेवर पेन्सिलीने नंबर टाकायचा, फॉर्मवर तोच नंबर आणि पेशंटचं नाव लिहायचं, आणि काचा आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये नेऊन द्यायच्या. दर महिन्याला ठरावीक काचा झाल्याच पाहिजेत असं टार्गेट असायचं — गावात ताप असो वा नसो.

हे टार्गेट कसं पूर्ण व्हायचं ते खात्यातल्या माझ्या वयाच्या माणसांना एकांतात विचारा. स्वतःचंच बोट टोचायचं. एका टोचणीत पाच-सहा काचा सहज भरतात. बोट मुळापासून दाबत आणलं तर दहासुद्धा. नावं घरांच्या सर्वे रजिस्टरमधून उतरवायची. असं करणारा मी एकटाच होतो असं नाही, पण इथे मी माझ्यापुरतं बोलतो आहे.

मी नावं बौद्धपुऱ्यातली घ्यायचो, कारण तिथे मी जात नव्हतो. नाल्याला पाणी आहे, सायकल उतरत नाही, असं मी उपकेंद्राच्या नर्सला, सिस्टरला, सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. त्या वस्तीत प्रत्येक ओसरीवर बसायच्या आधी पाण्याचा पेला पुढे यायचा, आणि मी तो घेत नव्हतो. मी वरच्या आळीतला, शेतीवाल्या घरातला. घरून वॉटरबॅग भरून निघायचो. ‘आत्ताच पेलो’, ‘पोट बरं नाही’, असली कारणं द्यायचो. रक्त घेताना त्यांचं बोट धरलेलं मला चालायचं, त्यांच्या रक्ताला हात लागलेला चालायचा. पाणी चालत नव्हतं! आणि पेला परत नेताना बायामाणसांचा जो चेहरा व्हायचा तो पाहणं नको वाटायचं. मग मी तिकडे जाणंच सोडलं.

तो बुधवार होता. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, जोरात होती, गाव रिकामं. सिस्टर दुसऱ्या गावाला लसीकरणाला गेलेली. दुपारी बाराच्या सुमाराला मी उपकेंद्राच्या टेबलावर दहा काचा ओळीने मांडल्या, बोट टोचलं आणि भरल्या. तीन नंबरला नाव लिहिलं — पंचफुला सुखदेव. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. मी तिला एकदाच पाहिलं होतं. पेला तिच्याच हातात होता.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला तेव्हा गोष्टच वाटली नव्हती. संध्याकाळी घरी आलो तर वॉटरबॅग जशी भरून नेली तशीच भरलेली. ऑक्टोबरचं ऊन, आणि दिवसभर मला तहान लागली नव्हती. बायको म्हणाली, “पानी तसंच वापस आनलं? काहून, कोनं पाजलं आज?”

मी हसलो.

शनिवारी लॅबमध्ये गेलो. आमचे लॅबवाले रफीकभाई. त्यांनी मायक्रोस्कोपवरून मान न उचलताच विचारलं, “एक बात बताओ भाऊ. तुमच्या गावात सगळ्याईचं रक्त एकच हाय का?”

“काहून?”

“दहाच्या दहा काचा एकाच माणसाच्या वाटून राह्यल्या, म्हून इचारलं.” मग स्वतःच हसले. “घबराओ मत. मले काय करायचं हाय? मी बी नोकरीच करून राह्यलो. पर ये तीन नंबर देखो. पूरी भरी पडी है. फाल्सिपेरम.”

फाल्सिपेरम म्हणजे मेंदूवर जाणारा मलेरिया. वेळेत गोळ्या मिळाल्या तर माणूस आठ दिवसांत कामाला लागतो. नाही मिळाल्या तर... असो.

मी डोळा लावून पाहिलं. लाल पेशींच्या आत बारीक निळ्या अंगठ्या. एका नजरेत दहा-बारा दिसत होत्या. मग मी बाकीच्या नऊ काचा एकेक करून पाहिल्या. स्वच्छ. काच नंबर तीन उचलून उजेडात धरली. पेन्सिलीचा आकडा माझ्याच हातचा. माझा तीन खालून वळतो, कुणीही ओळखेल.

आता तुम्हीच सांगा. एका बोटाचं रक्त. एकाच टोचणीचं. त्यातली दोन नंबरची काच कोरी, चार नंबरची कोरी, आणि मधली भरलेली. असं होत नाही. होऊच शकत नाही.

पण त्या दिवशी मी असला विचार केला नाही. मला भीती वाटली, ती स्वतःची. रक्त माझं, म्हणजे आजार मला! रफीकभाईंना म्हणालो, माझी एक काच घ्या. त्यांनी घेतली, पाहिली. “कुछ नहीं है. तुमी तं बैलासारखे हाय.” तरी माझा जीव ठिकाणावर येईना. पंचफुलाच्या नावाने गोळ्यांचा कोर्स मिळाला होता, तीन दिवसांचा. त्यातल्या पहिल्या दिवसाच्या गोळ्या मी लॅबच्या बाहेरच्या नळावर घेतल्या. दुसऱ्या दिवसाच्या रविवारी. तिसऱ्या सोमवारी. आणि रजिस्टरला लिहिलं : पंचफुला सुखदेव, उपचार पूर्ण.

तिच्या घरी एकदा जाऊन यावं, असं मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण गेलो असतो तर चार लोकांत कुणीतरी विचारलं असतं — रक्त कवा नेलं भाऊ? म्हणून गेलो नाही.

मंगळवारी सकाळी वस्तीतल्या लोकांनी तिला जीपमध्ये घातलं. तापाने शुद्ध गेलेली, हातपाय आखडलेले. जीप वाशीमला पोचायच्या आत ती गेली.

दोन दिवसांनी चौकशीला तालुक्याहून एक डॉक्टरसाहेब आले. तिच्या नवऱ्याच्या, सुखदेवच्या, ओसरीवर खाट टाकली होती. सुखदेव रिसोडकडे हडंब्यावर, म्हणजे सोयाबीनच्या मळणीयंत्रावर, कामाला गेलेला. निरोप मिळून मंगळवारी संध्याकाळी पोचला होता. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याची आई अनसूयाबाई दारात उभी. घरात मधल्या दिवसांत ती आणि सून, दोघीच होत्या.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. रक्त घेतल्याची तारीख होती, काचेचा नंबर होता, उपचाराची नोंद होती. मला विचारलं, “गोळ्या कुणाच्या हातात दिल्या होत्या?”

या सगळ्या प्रकरणात मी तोंडाने एकच खोटं बोललो. बाकीचं कागदावर होतं. मी म्हणालो, “सासूच्या हातात, साहेब.”

अनसूयाबाई म्हणाली, “मले नाई देल्ल्या जी. कवा देल्ल्या? भाऊ, कवा देल्ल्या तुमी मले?”

मी खाली पाहत होतो.

साहेब म्हणाले, “आजी, इथे लिहिलेलं आहे.”

“लिवलं असन बापा. पन मले नाई देल्ल्या.”

एवढंच. साहेबांनी सही केली, जीपमध्ये बसून गेले. वर्षभरात मी बदली मागून घेतली. पुढे कामरगावकडे होतो, तिथूनच रिटायर झालो. पण गावात काय झालं ते कानावर येतच राहिलं. ‘गोळ्या फेकणारी म्हातारी’ असं तिचं नाव पडलं होतं. लग्नकार्यात बाया तिच्या शेजारी बसत नसत. आणि पोटच्या पोराने चूल वेगळी केली होती. सुखदेवने दुसरं लग्न केलं नाही.

पंचफुलाची ती काच पुढे मोठ्या लॅबला फेरतपासणीला गेली, नियमाप्रमाणे. तिथूनही तोच निकाल आला. मी इतकी वर्षं कारणं शोधत राहिलो. काचांची अदलाबदल? आकडा माझ्या हातचा होता. दुसऱ्याचं रक्त चिकटलं? काचा मी स्वतः स्पिरिटने पुसल्या होत्या. माझ्यातच थोडासा रोग होता? मग तो बाकीच्या नऊ काचांत कुठे गेला? एका ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टला नाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, काका, तुम्हाला काहीतरी चुकीचं आठवतंय.

मला चुकीचं आठवत नाही. तेच तर दुखणं आहे.

मागच्या वर्षी फाट्यावर चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर दोघं बोलत होते. एक म्हणाला, “थे गोळ्या फेकनारी बुढी मेली ना परवा.” दुसरा म्हणाला, “सुटली एकदाची.” आणि दोघं सोयाबीनच्या भावाकडे वळले. चहा तसाच ठेवून मी उठलो. ती जिवंत असताना कधीही जाऊ शकलो असतो. गेलो ती मेल्यावर, आठव्या दिवशी. सकाळी दहा वाजता.

नाल्यावर आता पूल आहे. सुखदेव ओसरीवर बसला होता, केस पांढरे झालेले. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, “या भाऊ. लय वर्षानं.”

मी बसलो. वाक्य पाठ करून आलो होतो. म्हणालो, “सुखदेव, मी त्या बुधवारी तुझ्या घरी आलो नव्हतो. पंचफुलाचं रक्त मी घेतलंच नव्हतं. ते माझं रक्त होतं.”

तो माझ्याकडे पाहत राहिला, म्हातारं माणूस भ्रमात बोलतं तेव्हा पाहतात तसा.

“नाई जी,” तो म्हणाला. “तुमी आल्ते.”

“मी नव्हतो आलो.”

“आल्ते भाऊ. सांजीले मी वावरातून आलो तं थे तापातबी हासून राह्यली होती. म्हने, मलेरियावाले भाऊ आल्ते दुपारी. बोट दाखोलं मले.” त्याने स्वतःचा डावा हात वर केला आणि करंगळीशेजारचं बोट धरलं. “ह्या बोटाले टोचेल होतं. मी माह्या डोयानं पाह्यलं. रगताचा ठिपका होता.”

बोट तसंच धरून तो पुढे सांगत राहिला.

“मी म्हटलं, उद्या जाचं हाय मले रिसोडले, त्याच्या आंधी चाल मालेगावले, डॉक्टरले दाखोतो. थे म्हने, कायले? भाऊनं रगत नेलं. गोळ्या सरल्या म्हने त्याईच्या, रिपोट आला का आनून देतो म्हने. मंग मी गेलो ना बेफिकिर.”

‘गोळ्या संपल्या, रिपोर्ट आला की आणून देतो’ — हे वाक्य माझंच. बारा गावांत मी ते वापरायचो. पण पंचफुलापाशी मी ते कधी बोललो नव्हतो. तिच्याशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. एकदा फक्त मान हलवली होती, पेल्याला नाही म्हणताना.

सुखदेव थोडंसं हसला. “आन सांगू का? थे रगताचं काई सांगत नोती. तिले खुशी दुसऱ्याच गोष्टीची. म्हने, भाऊनं आज आपल्या घरचं पानी पेलं. उभ्या उभ्या, गटागटा, दोन गिलास. मी म्हटलं, चला, बावा सुधरला एकदाचा.”

मला ती भरलेली वॉटरबॅग आठवली.

मग तो म्हणाला, “आले नोते म्हनता, तं मंग गोळ्या कोनं देल्ल्या मायले?”

“कुणीच नाही दिल्या.”

“आं?”

“तुझ्या आईला कुणी गोळ्या दिल्याच नव्हत्या. त्या मी खाल्ल्या. काचेवर रक्त माझं होतं म्हणून मला वाटलं आजार मला आहे... पंचफुलाच्या नावाच्या गोळ्या मी खाल्ल्या, सुखदेव. आणि साहेबांसमोर खोटं बोललो.”

तो ओरडेल, अंगावर येईल, असं मला वाटलं होतं. त्याची तयारी करून गेलो होतो. तो उठला नाही. ओसरीच्या कोपऱ्यात दुसरी चूल होती, लहानशी, मातीची. राख अजून काढली नव्हती. तो त्या चुलीकडे पाहत होता.

“माय शेवटपर्यंत म्हने,” तो म्हणाला, “सुखदेवा, मले कोनं काई देल्लं नाई रे. मी तिले म्हनो, मंग कागद खोटा हाय काय? वीस-बावीस वर्स मी तिले हेच इचारलं. मरताना पानी मांगतलं तिनं. शेजारनीनं पाजलं. मी इथंच बसेल होतो.”

विहाराकडून भोंग्यावर कसली तरी सूचना चालली होती.

मी म्हणालो, “मला माफ—”

“नोका,” तो म्हणाला. “मले नोका सांगू. मले सांगून कोनाले समजन? गावानं कागद पाह्यला होता. तवा लिवलं होतं ना तुमी? आता बी लिवा. मायचं नाव टाका त्याच्यात. अनसूयाबाई. सगळ्याईले वाचू द्या.”

म्हणून हे लिहितो आहे. अनसूयाबाईला कुणीही गोळ्या दिल्या नव्हत्या. तिने काहीही फेकलं नव्हतं. तिने पहिल्या दिवशी जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. हाच मजकूर मी सही करून विहारातही देऊन आलो आहे.

राहिला प्रश्न बुधवारचा. त्या दुपारी मी उपकेंद्रात होतो, टेबलाशी, एकटा. तिच्या घरी कोण गेलं होतं? कुणाच्या सुईने तिचं बोट टोचलं? तिचं रक्त त्या तीन नंबरच्या काचेवर कसं आलं? आणि जे आलं ते मला सांगायला आलं होतं, तर मग त्याला एवढंही ठाऊक नव्हतं का की सांगून मी ऐकणारा माणूस नाही? याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आता सापडेल असंही वाटत नाही.

निघताना मी चपला घालत होतो. सुखदेव आत गेला आणि स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आला. ‘घ्या’ म्हणाला नाही. पेला माझ्यासमोर धरून उभा राहिला.

“तिनं सांगतलं होतं तुमी पेले म्हून,” तो म्हणाला. “प्या. मी पाह्यलं नोतं. आता पाहू द्या.”

मी उभ्या उभ्याच प्यायलो. तो माझ्या गळ्याकडे पाहत होता. पाणी मचूळ होतं, तलावाकडच्या विहिरींना असतं तसं. आणि ती चव मला ओळखीची वाटली. त्या घरातला तो माझा पहिला पेला होता की तिसरा, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.